मोटरीचा क्रमपाठ

प्रत्येक नांदत्या घराच्या माळ्यावर एक दुसरें घर असतें. त्यांत मोडका पाळणा असतो, कांठ गेलेली परात असते, कोणा काकांच्या वकिलीचीं बांधून ठेवलेलीं दप्तरें असतात. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांत एका नव्या प्रकारच्या अडगळीची भर पडली आहे. ती म्हणजे कचेरींतील बंद पडलेलीं यंत्रें. ज्याच्या करकर आवाजानें पतसंस्थेची खोली भरून जाई तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, टेलिफोनच्या तारेवरून कागद उतरवून घेणारें फॅक्स यंत्र, लिहिलेल्या पानाची प्रतिमा घेणारा स्कॅनर, हीं सारीं एके काळीं हजारों रुपये मोजून आणलेलीं यंत्रें आज धूळ खात पडलीं आहेत. नरखेडासारख्या तालुक्याच्या गांवींहि वकील, डॉक्टर, अडते, औषधविक्रेते यांच्या घरीं असें एखादें यंत्र सहज सांपडेल.

दाराशीं कबाडी येतो, यंत्र काट्यावर चढवितो, किलोच्या भावानें पैसे देतो आणि यंत्र जातें. प्लॅस्टिक किती, लोखंड किती, तांबें किती, एवढाच त्याचा हिशेब. त्या यंत्राच्या पोटांत काय होतें, हें देणाराला ठाऊक नसतें आणि घेणाराला त्याचें कारण नसतें. या महिन्याच्या सदरांत त्या पोटांतील एका वस्तूविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. तिचें नांव स्टेपर मोटर. ती कशी ओळखावी, कशी काढावी आणि कशी चालवावी, हें घरांतील शिकत्या मुलामुलींस समजावें व वडील मंडळींस त्याची भीति वाटूं नये, एवढाच लेखाचा हेतु आहे.

मोजून चालणारी मोटर

पंख्याची किंवा विहिरीवरील पंपाची मोटर सर्वांच्या परिचयाची आहे. तिला वीज दिली कीं ती फिरते, वीज काढली कीं थांबते. परंतु मध्यंतरीं ती किती फेरे फिरली आणि नेमकी कोठें थांबली, हें तिला सांगतां येत नाहीं. स्टेपर मोटरीचा स्वभाव निराळा आहे. ती पावलापावलानें चालते. एक आज्ञा, एक पाऊल. दोनशें पावलांची मोटर असेल तर दोनशें आज्ञांनीं तिचा एक फेरा बरोबर पुरा होतो; म्हणजे एका पावलास १.८ अंश. चपट्या डबीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त मोटरींपैकीं पुष्कळ एका फेऱ्यांत ४८ पावलें टाकतात. म्हणजे एका पावलास साडेसात अंश. आज्ञा थांबल्या आणि वीज चालू राहिली तर ती असेल त्या जागीं पाय रोवून उभी राहते. हातानें फिरवूं म्हटलें तर विरोध करते.

कचेरीच्या यंत्रांस अशीच मोटर हवी असते. कागद एका ओळीइतकाच वर सरकला पाहिजे, छापणारें डोकें अमुक अक्षराच्या जागींच गेलें पाहिजे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्यें म्हणून बहुधा दोन स्टेपर मोटरी सांपडतात. एक डोकें आडवें नेणारी, दुसरी कागद सरकविणारी. सपाट स्कॅनरमध्यें एक असते, फॅक्समध्यें एक-दोन असतात, मोठ्या छायाप्रत यंत्रांत अनेक. अलीकडच्या शाईच्या प्रिंटरांत मात्र पुष्कळदां साधी मोटर घालून तिच्या जोडीस रेघारेघांची पारदर्शक पट्टी बसविलेली असते. त्यांत स्टेपर न सांपडल्यास आश्चर्य मानूं नये. कल्पना तशी जुनी आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळांत ब्रिटिश युद्धनौकांवर तोफांच्या दिशेचे दर्शक दुरून फिरविण्यासाठीं या जातीच्या मोटरींचा उपयोग होत असे.

तिच्या आंतील रचना समजण्यास कठीण नाहीं. मध्यें फिरणारा जो भाग, त्यास रोटर म्हणतात. त्यांत चुंबक असतो व त्याच्या कडेस बारीक दांते असतात. सभोंवतीं स्थिर भागांत तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं असतात. एका वेटोळ्यांतून वीज गेली कीं रोटरचे दांते त्याच्या समोर येऊन उभे राहतात. वीज दुसऱ्या वेटोळ्यांत नेली कीं ते किंचित् सरकून तिकडे वळतात. पहिलें सुलट, दुसरें सुलट, पहिलें उलट, दुसरें उलट, अशा चार अवस्था झाल्या कीं रोटर एका दांत्याइतका पुढें गेलेला असतो. रोटरला ५० दांते असले तर ५० चोक २०० पावलें झालीं. सारें गणित एवढेंच आहे.

यंत्र उघडण्यापूर्वीं

येथें वडील मंडळींनीं लक्ष द्यावें. पहिली गोष्ट मालकीची. संस्थेची वस्तु संस्थेच्या डेड स्टॉक रजिस्टरांतून रीतसर उतरल्याशिवाय घरीं आणूं नये. मोठ्या संस्थांनीं तर आपला ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाराकडेच द्यावा, असा दंडक २०२२ च्या नियमांनीं घातला असून ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आपण बोलतों आहों तें स्वतःच्या घरच्या किंवा दुकानच्या यंत्राविषयीं.

दुसरी गोष्ट जिवाची. यंत्राचा खटका बंद करून भागत नाहीं. प्लग भिंतीपासून काढून दूर ठेवावा आणि यंत्र निदान एक दिवस तसेंच राहूं द्यावें. वीजपुरवठ्याच्या भागांत जो मोठा कपॅसिटर असतो त्यांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब सांठलेला असूं शकतो, आणि तो प्लग काढल्यावरहि कांहीं काळ टिकतो. मोटर काढण्यास त्या भागाला हात लावण्याचें कारणच पडत नाहीं. म्हणून ती पेटी उघडूंच नये. तिसरी गोष्ट लेझर प्रिंटर व छायाप्रत यंत्र यांची. त्यांतील काळी भुकटी फुंकर मारून उडवूं नये. ती छातींत जाते. ओल्या फडक्यानें टिपावी. चौथी गोष्ट, जुन्या यंत्रांतील डाकांत शिसें असतें. काम झाल्यावर हात साबणानें धुतल्याशिवाय कांहीं खाऊं नये.

एवढें सांभाळलें तर एक पेचकस आणि दुपारचे दोन तास पुरतात. मोटरीबरोबर दोन गुळगुळीत पोलादी दांडे, दातेरी पट्टा, दांत्यांचीं चाकें आणि मूठभर स्क्रू मिळतात. तीं टाकूं नयेत. मोटरीच्या तारा कापावयाच्या असतील तर मोटरीकडे वीतभर लांबी राखून कापाव्या.

तारांची ओळख

मोटर हातीं आली कीं प्रथम तिच्या तारा मोजाव्या. चार असल्यास दोन वेटोळ्यांचीं चार टोकें झालीं. सहा असल्यास प्रत्येक वेटोळ्याच्या मध्यावरून एकेक तार अधिक काढलेली आहे. पांच असल्यास त्या दोन मधल्या तारा आंतच जोडून एक केलेल्या आहेत.

चार तारांची जोडी लावण्यास उपकरणहि लागत नाहीं. मोटरीचा दांडा चिमटींत धरून फिरवावा. तो हलका फिरतो. आतां कोणत्याहि दोन तारांचीं उघडीं टोकें एकमेकांस जोडावीं व पुन्हां फिरवावा. तो जड झाला तर त्या दोन तारा एकाच वेटोळ्याच्या आहेत. फिरविल्यानें मोटर स्वतःच वीज उत्पन्न करते व ती वीज तिच्याच फिरण्यास आडवी येते, म्हणून हा जडपणा.

सहा तारांच्या मोटरीस मल्टिमीटर घ्यावा. समजा, एका तारेपासून दुसरीपर्यंत ३० ओहम विरोध आला आणि तिसरीपर्यंत ६० आला. तर ज्यांच्यामध्यें ६० आहेत तीं वेटोळ्याचीं दोन टोकें व उरलेली ती मधली तार. ज्यांच्यामध्यें कांटा हलतच नाहीं त्या तारा निरनिराळ्या वेटोळ्यांच्या. मोटरीच्या पाठीवर कधीं कधीं व्होल्ट व ओहम छापलेले असतात. १२ व्होल्ट आणि ३० ओहम असें असेल तर बारास तिसांनीं भागावें, ०.४ अँपियर प्रवाह तिला मानवतो असें समजावें. कांहींच छापलेलें नसल्यास थोड्या प्रवाहापासून आरंभ करावा.

पदपाठ आणि क्रमपाठ

आमच्या घरीं हें काम माझ्या पुतण्याची मुलगी करते. ती अकरावींत आहे. एके दिवशीं तिनें चार तारांस क, ख, ग, घ अशीं नांवें देऊन त्यांस वीज देण्याचा क्रम कागदावर मांडला होता. वरच्या ओळींत होतें : क, ख, ग, घ. खालच्या ओळींत : कख, खग, गघ, घक.

"आबा, ही वरची रीत सोपी," ती म्हणाली, "एका वेळीं एकच तार. पण खालच्या रीतीनें मोटर जोर अधिक करते. दोन तारा एकदम, आणि पुढच्या वेळीं त्यांतली एक सोडायची आणि एक नवी धरायची."

मीं म्हटलें, "बाई, हा तर क्रमपाठ आहे."

वेदपठणाची परंपरा ज्यांच्या घरांत होती त्यांस हें निराळें सांगावयास नको. पदपाठांत मंत्रांतील प्रत्येक पद सुटें उच्चारतात. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें, तिसरें-चौथें अशीं पदें जोडीजोडीनें म्हणतात. प्रत्येक पद एकदां नव्यानें येतें आणि एकदां मागच्याचा हात धरून येतें. हेतु असा कीं कोणतेंहि पद गळूं नये व आपली जागा सोडूं नये. पुढें जटा, घन इत्यादि विकृति निघाल्या त्याहि याच हेतूनें. आणि संस्कृतांत पद म्हणजे शब्द, तसेंच पद म्हणजे पाऊल. मोटरीच्या पावलांस पदपाठाचा व क्रमपाठाचा नियम लागावा, हा योगायोगच खरा. पण मुलांस समजावून देण्यास याहून सुलभ वाट मला दिसत नाहीं.

पदपाठाच्या रीतींत एका वेळीं एकच वेटोळें काम करतें. क्रमपाठाच्या रीतींत दोन्ही वेटोळीं एकदम ओढतात. दोघांच्या ओढीची दिशा एकच नसल्यामुळें जोर दुप्पट होत नाहीं, सुमारें १.४ पट होतो. वीज मात्र दुप्पट लागते. दोन्ही पाठ एकाआड एक म्हटले, म्हणजे क, कख, ख, खग, ग, गघ, घ, घक, तर मोटर अर्धीं पावलें टाकते आणि दोनशेंचीं चारशें होतात. उलट म्हटलें तर ती उलट फिरते. तारांच्या जोड्या चुकल्या असतील तर मोटर जागच्या जागीं थरथरते. तेव्हां ती बिघडली असें न मानतां क्रम तपासावा.

आणखी एक साम्य आहे, आणि तें व्यवहारांत महत्त्वाचें आहे. पाठ म्हणणाराचें अक्षर गळलें तर गुरु टोकतो. मोटरीचें पाऊल चुकलें तर टोकणारें कोणी नसतें. ओझें फार झालें किंवा वेग एकदम वाढविला कीं ती पाऊल गाळते. आज्ञा देणारें यंत्र मात्र मोजीत पुढेंच जातें. उभ्या बैलजोडीस एकदम धांवावयास लावतां येत नाहीं. तसेंच हिलाहि प्रथम सावकाश चालवून मग वेग वाढवावा लागतो, आणि थांबवितांना तसाच उतरवावा लागतो. वेग वाढतो तसा तिचा जोर घटतो, आणि कांहीं ठराविक वेगांवर ती उगाच कांपते. ते वेग टाळावे.

आज्ञा आणि बळ

आज्ञा देण्यासाठीं हल्लीं एक लहान पट्टी मिळते. इटलींतील इव्हरेया या गांवीं २००५ सालीं निघालेली आर्डुइनो ही त्यांत सर्वांत प्रसिद्ध. तिच्यांत आपण प्रोग्रॅम भरावयाचा, म्हणजे वरील पाठ लिहून द्यावयाचा. परंतु तिच्या एका टोकांतून सुखानें निघणारा प्रवाह २० मिलिअँपियरच्या आसपास, आणि मोटरीस हवे असतात कित्येक शतें. म्हणून मोटर तिला थेट कधींहि जोडूं नये. मध्यें आज्ञा ऐकून बळ पुरविणारा मध्यस्थ लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात.

पांच किंवा सहा तारांच्या मोटरीस यूएलएन २००३ नांवाची चिप पुरते. तिच्यांत सात वाटा असतात व प्रत्येक वाट ५०० मिलिअँपियरपर्यंत प्रवाह सोसते. मधल्या तारेस पुरवठ्याचें धन टोक द्यावें व उरलेल्या चार तारा चिपच्या चार वाटांस जोडाव्या. वेटोळ्यांतील प्रवाह एकदम तोडला तर तो सहजासहजीं थांबत नाहीं. वेगांत आलेल्या बंडीप्रमाणें पुढें रेटतो व उलट दाब उत्पन्न करतो. त्या दाबास वाट देणारे डायोड या चिपमध्यें आधींच असतात; मात्र त्यांचें सामायिक टोक मोटरीच्या धन पुरवठ्यास जोडण्यास विसरूं नये.

चार तारांच्या मोटरींत प्रवाह सुलट व उलट दोन्ही दिशांनीं न्यावा लागतो. त्यासाठीं ए ४९८८ किंवा डीआरव्ही ८८२५ हे ड्रायव्हर मिळतात. यांस पाठ शिकवावा लागत नाहीं. तो त्यांच्या पोटांत असतो. एका तारेवर दिशा सांगावी व दुसरीवर एकेक टिचकी द्यावी; टिचकीस एक पाऊल पडतें. पहिला ३५ व्होल्टांपर्यंत व दुसरा ४५ व्होल्टांपर्यंत पुरवठा सोसतो. त्यावर एक इवलासा स्क्रू असतो. तो फिरवून प्रवाहाची मर्यादा ठरवितां येते. आरंभीं मर्यादा कमी ठेवावी, मोटर ओझें न चुकतां ओढूं लागेपर्यंत हळूहळू वाढवावी, आणि तिला मानवणाऱ्या प्रवाहापुढें जाऊं नये. मोटर कोमट होणें स्वाभाविक आहे, कारण उभी असतांहि ती वीज घेते; हात ठेववत नाहीं इतकी तापली तर प्रवाह कमी करावा. वीज चालू असतांना मोटरीची तार कदापि काढूं नये. ड्रायव्हर जळण्याचें तें सर्वांत ठळक कारण आहे. पुरवठ्याच्या दोन टोकांमध्यें, ड्रायव्हरच्या जवळ, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा.

येथें एक शंका कोणीहि घेईल. मोटर ३ व्होल्टांची आणि पुरवठा २४ व्होल्टांचा, हें कसें? वेटोळ्यांत प्रवाह चढण्यास वेळ लागतो. दाब जितका अधिक तितका तो लवकर चढतो. ओलिताच्या पाटांत पाणी लवकर शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यावयाचें तर तोंडाशीं लोट मोठा सोडावा लागतो. आणि वाफा भरला कीं दार लावावें लागतें. ड्रायव्हर हें दार सेकंदांत हजारों वेळां उघडतो व लावतो. म्हणून मोटर जळत नाहीं आणि वेगानें चालते. ज्या ड्रायव्हरांत ही सोय नाहीं, त्यांस मात्र मोटरीच्या व्होल्टांहून अधिक पुरवठा देऊं नये.

आकाशाच्या मागें

मोटर फिरली, पुढें काय, असा प्रश्न घरांतून येतोच. आमच्याकडे तो मुलीच्या आईनेंच विचारला, आणि तो रास्त होता. परीक्षा तोंडावर, आणि पोरगी तारा जोडीत बसलेली. त्यास उत्तर म्हणून एक उपयोग येथें विस्तारानें देतों. तो खर्चाचा नाहीं आणि त्यांत शाळेंतील भूमिति सगळी कामास येते.

ताऱ्यांचें छायाचित्र घ्यावयाचें तर कॅमेऱ्याचा डोळा पुष्कळ वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यांत पृथ्वी फिरते व ताऱ्यांच्या रेघा उमटतात. कॅमेरा पृथ्वीच्या उलट तितक्याच वेगानें फिरविला तर तारे बिंदुरूप राहतात. यासाठीं स्कॉटलंडमधील जॉर्ज हेग यानें १९७५ सालीं एक सोपी युक्ति प्रसिद्ध केली. दोन फळ्या एका कडेस बिजागरीनें जोडाव्या. बिजागरीचा आंस ध्रुवाकडे रोखावा. नरखेडचा अक्षांश सुमारें साडेएकवीस, म्हणून तेथें ध्रुव क्षितिजापासून तितकेच अंश वर दिसतो. पुण्याच्या वाचकांनीं साडेअठरा धरावे. वरच्या फळीवर कॅमेरा बसवावा. बिजागरीपासून २२८.६ मिलिमीटरवर आट्यांची सळई लावावी, जी फिरली कीं वरची फळी उचलली जाते. ६ मिलिमीटर जाडीच्या साध्या सळईचे आटे एकेक मिलिमीटरवर असतात. म्हणजे एका फेऱ्यास फळी एक मिलिमीटर सरकते. ही सळई मोटरीनें मिनिटास एक फेरा फिरवावयाची.

२२८.६ हा आंकडा कोठून आला? तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परिघ सुमारें १,४३६ मिलिमीटर होतो. आणि ताऱ्यांस आकाशाची एक प्रदक्षिणा करण्यास १,४३६ मिनिटें लागतात. चोवीस तासांचीं मिनिटें १,४४० होतात; हीं चार कमी. कारण तो सूर्याचा दिवस, हा ताऱ्यांचा. आपल्या ज्योतिषांत या दोहोंस सावन दिवस व नाक्षत्र दिवस अशीं स्वतंत्र नांवें आहेत. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास एका महायुगांत पृथ्वीचीं आवर्तनें १,५८,२२,३७,५०० आणि सावन दिवस १,५७,७९,१७,५०० दिले आहेत. मुलीनें या दोन संख्यांचा भागाकार केला. एक आवर्तन २३ तास ५६ मिनिटें ४.१ सेकंदांचें निघालें. आजच्या मोजणीशीं तें सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत जुळतें.

आतां मोटरीचा हिशेब. मिनिटास एक फेरा म्हणजे २०० पावलें. म्हणजे दर पावलास ०.३ सेकंद. प्रत्येक पावलास कॅमेरा साडेचार विकला वळतो. सुतारानें फळी २३० मिलिमीटरवर भोंक पाडून दिली तरी ती टाकून देण्याचें कारण नाहीं. ३०० ऐवजीं २९८ सहस्रांश सेकंदांनीं पाऊल टाकावयास सांगावें, कीं फरक भरून निघतो. लांकडांतील चूक संख्येनें दुरुस्त होते, हा मोजून चालणाऱ्या मोटरीचा सर्वांत मोठा गुण. सळई सरळ असल्यामुळें पुढें पुढें थोडा फरक पडत जातो. आरंभींचीं दहा मिनिटें मात्र निर्वेध मिळतात. १२ व्होल्टांची लहान बॅटरी या कामास पुरते. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ होतें. आणि आंबिया बहारासाठीं संत्र्याच्या बागा ताणावर असतात तेव्हां रात्रीच्या ओलिताची घाईहि नसते. गांवाच्या दिव्यांपासून दूर, वावरांत, असा प्रयोग करण्यास याहून चांगला काळ नाहीं.

हात आणि पाठ

आतां ज्यासाठीं हा सारा खटाटोप केला तें सांगतों. आपल्या घरांत पाठांतरास मान होता व आहे. हातानें करावयाचें काम मात्र आपण पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांकडे सोंपविलें. त्याचा परिणाम दोन्हीकडे झाला. आपल्या मुलांस ओहमचा नियम तोंडपाठ असतो, पण ३० ओहमांचें वेटोळें ओळखतां येत नाहीं; आणि जो पोरगा कबाड्याच्या अंगणांत दिवसास दहा यंत्रें फोडतो, त्याला त्यांतील मोटर काय करूं शकते हें कोणी सांगितलेलें नसतें. तो तांबें सुटावें म्हणून तारांचें आवरण जाळतो. त्या धुरांत आम्लाची वाफ असते, डायॉक्सिनासारखीं विषें असतात, आणि तो धूर त्याच्याच छातींत जातो. आपण किलोच्या भावानें विकलेल्या यंत्राची ही खरी किंमत आहे, आणि ती आपण देत नाहीं.

या दोन अर्धवट विद्या एकत्र आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रांत झाले आहेत. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. हातानें काम करतां करतां शिकावें, हें त्यांच्या शिक्षणाचें सूत्र. मॅसाच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या बाहेर आरंभीं ज्या फॅब लॅब नांवाच्या कार्यशाळा निघाल्या, त्यांपैकीं एक २००२ सालीं याच खेड्यांत आली. अशा कार्यशाळांतील संगणकाच्या आज्ञेनें कापणारीं व कोरणारीं लहान यंत्रें बहुधा स्टेपर मोटरींवरच चालतात. पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत श्री. अरविंद गुप्ता यांनीं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाचीं खेळणीं करण्याची कला वर्षानुवर्षें मुलांस दाखविली. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. हीं कामें मोठ्या माणसांचीं. परंतु त्यांचें मर्म माळ्यावरच्या एका प्रिंटरांतहि आहे.

मुलीच्या आईच्या प्रश्नास पुरें उत्तर मीं दिलें असें म्हणत नाहीं. परीक्षेंत स्टेपर मोटरीस गुण नाहींत. मीं एवढेंच सुचविलें कीं आठवड्यांतील एक दुपार तिला द्यावी, व त्या दुपारीं कोणी तिला अभ्यासाची आठवण करूं नये. तें घरांत मान्य झालें आहे. आमच्या वाचक-भगिनींनीं आपल्या घरीं याचा विचार करावा. मुलगा असला तर करूं देतों आणि मुलगी असली तर हात काळे होतील म्हणतों, असा भेद तरी निदान ठेवूं नये.

तेव्हां यापुढें कबाडी दाराशीं आला तर यंत्र काट्यावर चढविण्यापूर्वीं एक दिवस मागून घ्यावा. मोटरी, दांडे व चाकें काढून एका डब्यांत ठेवावीं व डब्यावर कोणत्या यंत्रांतील कोणती मोटर, किती तारा, किती ओहम, हें लिहून ठेवावें. उरलेल्या विद्युत् पट्ट्या व तारा कबाड्यास न देतां एकत्र सांठवाव्या आणि नागपुरास जाणें होईल तेव्हां ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रावर द्याव्या. म्हणजे त्या जाळल्या जाणार नाहींत. ज्यांच्याकडे मोटर आहे पण तारांचा मेळ लागत नाहीं, त्यांनीं तारांची संख्या, रंग आणि मल्टिमीटरनें घेतलेले आंकडे कळवावे. पुढील अंकीं या सदरांत त्यांचा उलगडा करूं.